रस्ता मागायचा तर टेप घेऊन जा

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी टाकलं, मी पुढे चालवतो. समोरचा रस्ता गावाबाहेर पडून पाच-सहा खेड्यांना जाऊन मिळतो. या रस्त्याने रोज सायकलवर जातात त्या म्हणजे सरकारच्या मानव विकास योजनेतून सायकल मिळालेल्या आठवी ते बारावीच्या मुली, दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेले दूधवाले, जिनिंगमध्ये आणि डाळ मिलमध्ये पाळीला जाणारे मजूर, पहाटे केळी कटाईला निघालेली माणसं. बहुतेकांकडे दुसरं वाहन नाही. रस्ता वाईट असला तरी मजूर कसाबसा जातोच, कारण त्याचा रोज बुडतो. मुलीचं तसं नसतं. ती एकदा पडली किंवा घाबरली की सायकल घराच्या ओट्याला टेकते, आणि पुढे शाळाही सुटते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून या कामात पडलो. आमच्या भागातल्या काही जागा आम्ही दुरुस्त करून घेतल्या. ते कसं जमलं, ते इथे लिहितो. शिरपूर असो, शहादा असो की पाचोरा, पद्धत सगळीकडे चालण्यासारखी आहे.

आधी मुख्य मुद्दा. ‘सायकलस्वारांना सुरक्षित रस्ता द्यावा’ असा अर्ज दिलात तर साहेब मान डोलावतात आणि कागद फाइलला लागतो. त्या कागदात त्यांना करण्यासारखं काही दिलेलंच नसतं. ‘फाट्यापासून शाळेच्या गेटपर्यंत डाव्या हाताची साइडपट्टी डांबरापेक्षा पाच इंच खाली आहे, मुरूम टाकून, पाणी मारून, रोलरने दाबून द्यावी’ असं लिहिलंत तर शाखा अभियंत्याला लगेच अंदाजपत्रक करता येतं. (साइडपट्टी म्हणजे डांबराच्या कडेची मातीची पट्टी.) जागा, माप आणि कार्यालय या तिन्ही गोष्टी नक्की झाल्याशिवाय अर्ज लिहायला बसू नका.

जागा कशी सापडते

सुरुवात गावातल्या सायकल मिस्त्रीपासून करा. मोडलेली सायकल बरंच काही सांगते. रिमला एकाच जागी चेप आलाय आणि चाक आउट निघालंय, म्हणजे सायकल खड्ड्यात किंवा गतिरोधकावर आदळली. पुढचं चाक धरणारा चिमटा मागे वाकलाय, म्हणजे समोर काहीतरी ठोकलं. मागचं मडगार्ड आणि कॅरियर दबलंय, म्हणजे मागून वाहन लागलं. आणि डावं पायडल वाकलेलं, हँडलची डावी मूठ खरवडलेली, बाकी सगळं धड, अशी सायकल आली की मी विचारण्याआधीच ओळखतो. मागून ट्रक किंवा बस आली, मुलगी घाबरून डांबरावरून खाली उतरली आणि साइडपट्टीच्या खोल कडेवर चाक घसरून डाव्या अंगावर पडली. माझ्याकडे येणाऱ्या पडझडीत ही सर्वांत नेहमीची.

दुरुस्तीला आलेल्याला मी ‘कुठे झालं?’ एवढंच विचारतो आणि तारीख, वेळ, ठिकाण वहीत मांडतो. नाव लिहीत नाही. पावसाळा आणि हिवाळा मिळून वही भरली की दोन-तीन जागा पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतात. ही वही का हवी, तेही समजून घ्या. राष्ट्रीय महामार्गावरचा ‘ब्लॅक स्पॉट’, म्हणजे वारंवार अपघात होणारी जागा, ठरवताना साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू, असा हिशेब धरतात. गुडघा फुटून घरी गेलेली मुलगी पोलिसांत जात नाही, सरकारी दवाखान्याच्या रजिस्टरलाही येत नाही. त्यामुळे कागदावर तो रस्ता निर्धोक असतो. कुणी मरायच्या आधी धोका दाखवायचा तर त्याची नोंद आपणच ठेवायला हवी.

वहीनंतर शाळा. मुख्याध्यापकांना भेटून एका तासिकेची वेळ मागा. सायकलने येणाऱ्या मुलांना घर ते शाळा रस्ता कागदावर काढायला सांगा आणि भीती वाटते तिथे लाल खूण करायला सांगा. मुलींच्या वर्गात हे काम बाईंनी करावं, तिथे पुरुषांनी थांबू नये. दारूच्या गुत्त्यासमोरचं वळण, फरशी पुलाजवळची टोळकी, बंद पडलेला दिवा, या गोष्टी त्या बाईंनाच सांगतील. आमच्याकडे अशीच एक जागा पुढे आली. रस्ता तिथे चांगलाच होता, खड्डा एकही नव्हता, पण संध्याकाळच्या जादा तासानंतर मुली तिथून जायचं टाळत आणि लांबच्या, वाहतुकीच्या रस्त्याने फिरून जात. माझ्या वहीत ती जागा कधीच आली नसती.

तिसरं काम मोजणी. फाट्यावर दोघांनी बसायचं, शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी तासभर. किती सायकली गेल्या, त्यात मुली किती, कामगार किती, आणि त्याच तासात ट्रक, बस, ट्रॅक्टर किती, एवढ्याच खुणा करायच्या. ‘आता सायकल कोण चालवतं?’ हा प्रश्न कार्यालयात हमखास येतो. त्याला उत्तर म्हणून हा कागद पुढे ठेवायचा. कापसाच्या हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर, एकदा जरूर मोजा. तेव्हा कापसाचे टेम्पो रस्ता भरून चालतात, उसाच्या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, आणि तापीकाठच्या गावांत सकाळी धुकंही असतं.

माप

टेप, सरळ लाकडी पट्टी, खडू आणि मोबाइल एवढं सामान पुरे.

साइडपट्टी मोजायची ती अशी. पट्टी डांबरावर आडवी ठेवून अर्धी बाहेर काढायची आणि तिच्या खालच्या कडेपासून मातीपर्यंत टेप लावायचा. टेपवरचा आकडा आणि मागची ओळखीची खूण, म्हणजे झाड, मैलाचा दगड, मोरी, दोन्ही एका फोटोत यायला हवं. दर पन्नास पावलांवर एक माप घ्या. हे वारंवार मोजावं लागतं, कारण रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला की डांबर वर जातं आणि बाजू तिथेच राहते. आपल्याकडे त्यात आणखी एक अडचण आहे. काही ठिकाणी मुरमाऐवजी शेजारच्या चारीतली काळी माती ओढून पट्टी भरतात. उन्हाळ्यात ती टणक दिसते, पण पहिल्या पावसात तिचा चिखल होतो आणि सायकलचं चाक त्यात रुततं. म्हणून अर्जात ‘मुरूम’ हा शब्द लिहा आणि ‘काळी माती वापरू नये’ हेही स्पष्ट लिहा.

गावातल्या गटारावरच्या लोखंडी जाळ्या बघा. गज रस्त्याच्या दिशेने लांबट असले तर सायकलचं बारीक टायर थेट फटीत जातं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. जाळी काढून आडवी बसवली किंवा वर आडव्या पट्ट्या वेल्डिंग केल्या की धोका संपतो. वेल्डरचं अर्ध्या दिवसाचं काम. नगरपालिकेकडे पहिली मागणी हीच करा. खर्च किरकोळ असल्यामुळे ती लवकर होते आणि सोबत आलेल्या लोकांना हुरूप येतो.

गतिरोधकाबाबत मी आग्रही आहे. अपघात झाला की लोक रातोरात डांबराचा किंवा सिमेंटचा उंच ढीग घालतात. त्यावर कॅन लावलेला दूधवाला आदळतो, आणि अंधारात तो कुणालाच दिसत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात, म्हणजे आयआरसी ९९ मध्ये, नेहमीच्या गोलाकार गतिरोधकाचं माप दिलेलं आहे, रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटीमीटर. त्यावरून सायकल सुखाने जाते आणि मोटारीला वेग कमी करावाच लागतो. मागणी करताना हे माप, पांढरे पट्टे आणि अलीकडे सूचनाफलक, तिन्ही लिहा.

वेग कमी करा म्हणताना कारण सांगता आलं पाहिजे. ताशी ६० ने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे येते, ताशी ३० ने सुमारे ८ मीटर. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जायला सेकंदभर लागतोच. शिवाय वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. शाळेच्या गेटसमोर खडूने ८ आणि १७ मीटरवर रेघ मारून पालकांना दाखवा. भाषणापेक्षा ते लवकर पटतं.

बंद दिव्यांसाठी खांबांचे क्रमांक लिहून घ्या. बाभळींचीही नोंद करा. वेडी बाभूळ साइडपट्टीवर वाढली की सायकलवाला आपोआप डांबराच्या मध्याकडे सरकतो, आणि तोडलेल्या फांद्या तिथेच पडल्या की महिनाभर पंक्चर काढत बसावं लागतं. ‘काटेरी झुडपे मुळासकट काढून उचलून न्यावीत’ असं लिहा. मात्र कडुनिंब आणि चिंच वाचवा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दुपारी सायकल मारणाऱ्या माणसाला त्या सावलीचाच आधार असतो. रुंदीकरणात झाडं जाणार असतील तर नव्या लागवडीची मागणी त्याच अर्जात घाला.

कोणाच्या दारात जायचं

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला की महिनोन्महिने फिरत राहतो. ढोबळ वाटणी अशी. ग्राममार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. राष्ट्रीय महामार्ग हे महामार्ग प्राधिकरणाकडे किंवा बांधकाम खात्याच्या महामार्ग विभागाकडे. महामार्गावरच्या तातडीच्या तक्रारीसाठी १०३३ हा क्रमांक. शहराच्या आतले रस्ते नगरपालिकेचे किंवा महापालिकेचे, पण शहरातून जाणारा राज्यमार्ग पालिकेचा असतोच असं नाही, तेवढं विचारून घ्या. मैलाच्या दगडावरचा क्रमांक पाहून उपविभागाच्या कार्यालयात विचारलं की उलगडा होतो. खेड्यातले दिवे बदलणं ग्रामपंचायतीचं काम, तारा आणि वीजपुरवठा महावितरणचा.

अर्ज एका पानाचा हवा, आणि एका अर्जात एकच रस्ता. आमच्या अर्जाचा मजकूर साधारण असा होता:

‘विषय: शाळेच्या फाट्यापासून मोरीपर्यंत डाव्या बाजूची साइडपट्टी मुरमाने भरून मिळणेबाबत. महोदय, सदर रस्त्याने शाळेच्या वेळेत सायकलने जाणाऱ्या विद्यार्थ्यांची मोजणी सोबत जोडली आहे. डांबराची कड व साइडपट्टी यांतील फरक ठिकठिकाणी मोजला असून मापे व फोटो जोडले आहेत. या पट्ट्यात सायकली घसरून पडल्याच्या नोंदी सोबत आहेत. तरी साइडपट्टी मुरमाने भरून रोलरने दाबून मिळावी व त्यापूर्वी आमच्या उपस्थितीत स्थळपाहणी व्हावी, ही विनंती.’

खाली पालकांच्या सह्या, सोबत शाळेचं पत्र. आठवीपर्यंतची शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत पाऊणशे टक्के पालक असतात, त्यामुळे ठरावाला वजन येतं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. ती पोच हरवली तर पुढचं काहीच करता येत नाही.

स्थळपाहणीच्या वेळी भाषण करणाऱ्यांपेक्षा रोज जाणाऱ्यांना पुढे करा. आमच्या पाहणीला आलेले शाखा अभियंता आधी गाडीतूनच बघत होते. आम्ही विनंती केली, ते उतरले, पट्टी आणि टेप त्यांच्याच हातात दिला. आकडा वाचेपर्यंत कुणी बोललं नाही. मग एक शेतमजूर बाप म्हणाला, ‘साहेब, मनी पोर रोज या रस्तावर सायकल चालाडस.’ त्या अभियंत्यांनी तिथेच डायरीत मापं उतरवली आणि कुठून कुठवर काम घ्यायचं ते आम्हालाच पावलांनी दाखवायला सांगितलं.

पाठपुरावा

ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात, आणि त्यांच्या आधी महिलांची सभा व्हायची असते. विषय आधी महिलांच्या सभेत मांडा. मुलगी शाळेत कशी जाते हे आईला ठाऊक असतं, आणि तिथला ठराव ग्रामसभेत बाजूला सारणं अवघड जातं. नगरपालिकेचं अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारीत येतं, म्हणून मागणी दिवाळीनंतर लगेच आत गेली पाहिजे. पावसाळ्यात अर्ज दिला तर डांबराचं काम होणार नाही, पण खड्डे आणि चिखलाचे फोटो तेव्हाच काढून ठेवा. शाळा जूनच्या मध्यात उघडतात. त्याआधी ३ जूनला जागतिक सायकल दिन असतो, त्या आठवड्यात अधिकाऱ्यांना मुलांसोबत शाळेपर्यंत सायकलवर यायचं निमंत्रण द्या. स्वतः त्या कडेवरून गेलेला माणूस कागद वेगळ्या नजरेने वाचतो.

महिना-दीड महिन्यात उत्तर आलं नाही तर दोन वाटा आहेत. एक, जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन, दर महिन्याचा पहिला सोमवार. तिथे ठरलेल्या नमुन्यात आधी अर्ज द्यावा लागतो, आणि जुनी पोच इथे उपयोगी पडते. दोन, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली माहितीचा अर्ज. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘काम का झालं नाही’ असा प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. ‘या रस्त्याच्या साइडपट्टीवर गेल्या तीन वर्षांत झालेल्या खर्चाच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत द्यावी’ असं मागा. झालेल्या कामाची मापं कार्यालय या पुस्तिकेत नोंदवतं. पुष्कळदा एवढ्यावरच हालचाल सुरू होते.

मोठ्या प्रश्नांसाठी, म्हणजे शाळेच्या वेळेत अवजड वाहनं वळवणं किंवा महामार्ग ओलांडण्याची सोय, जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे जा. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. पोलिस, आरटीओ आणि बांधकाम खातं एकाच टेबलाशी बसतं. ठरावीक वेळी अवजड वाहनांना बंदी घालण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ मध्ये आहे. बैठकीआधी आठ दिवस कागद पोचवा.

या सगळ्यात एक वाक्य वारंवार ऐकावं लागेल, ‘पोरांना नीट सायकल चालवायला शिकवा.’ शिकवायला हवंच, आणि मी शाळेत जाऊन ब्रेक, घंटी, हात दाखवणं शिकवतो. पण पाच इंच खोल कडेवरून, मागे भोंगा वाजत असताना, बारा वर्षांच्या मुलीने तोल सांभाळावा अशी अपेक्षा मला मान्य नाही. हे शांतपणे पण दरवेळी सांगा. कडेला लागलेल्या हातगाड्यांनी सायकलची जागा अडते, पण म्हणून हातगाडीवाल्यांशी भांडू नका. त्यांनाही पोट आहे. त्यांच्याशी बोलून पांढऱ्या पट्ट्याच्या आत गाडी लावायचं ठरवता येतं.

तोवर आपल्या हातात काय

माझ्या वडिलांच्या काळी सायकलला पालिकेचा बिल्ला लागे आणि रात्री दिवा नसला तर पोलिस अडवत. आता बिल्ला गेला, आणि त्याबरोबर दिवाही गेला. नवी सायकल घेताना पुढे पांढरा, मागे लाल, पायडलला आणि चाकांना रिफ्लेक्टर आहेत का ते बघा. पडलेले लगेच बसवून घ्या. मागचा लाल दिवा मोबाइलच्या चार्जरवर चालणारा मिळतो, तो हिवाळ्याआधी बसवा. दुधाच्या कॅनलाही मागून लाल पट्टी चिकटवा, कारण कॅनमुळे सायकलचा रिफ्लेक्टर झाकला जातो. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान असतं, तेव्हा आरटीओ आणि बाजार समितीला सांगून आवाराच्या गेटवरच ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागून लाल पट्ट्या लावून घ्या. अंधारात उभी राहिलेली बिनदिव्याची ट्रॉली सायकलवाल्याला दिसत नाही.

काम मंजूर होऊन सुरू झालं की पहिल्याच दिवशी कामाच्या फलकाचा फोटो काढा. त्यावर ठेकेदार, रक्कम आणि दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो, आणि फलक फार दिवस टिकत नाही. मुरूम पडताना कुणीतरी हजर राहा, रोलर फिरला का ते बघा. काम संपलं की त्याच जागांवर, त्याच पट्टीने पुन्हा मापं घेऊन जुन्या अर्जाचा आवक क्रमांक टाकून कार्यालयाला द्या. पहिल्या पावसानंतर आणखी एकदा मोजा. दोषदायित्वाच्या मुदतीत पट्टी खचली तर ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने भरून द्यायची असते. त्यासाठी फलकाचा फोटो आणि दोन्ही वेळची मापं जोडून साधं पत्र पुरतं.